मागची डावी सीट

१

गाडी घ्यायची तर आधी तिचा इतिहास बघावा, मग गाडी. लोक नेमकं उलटं करतात. आधी रंग बघतात, आत बसतात, स्टिअरिंगवर हात फिरवतात, आणि एकदा आत बसले की कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचायचंच नसतं.

एकतीस वर्षं मी इंग्लंडात, ग्रिम्सबीला गोदीमागच्या गल्लीत गाड्यांची वार्षिक चाचणी घेतोय. ब्रेक, दिवे, टायर, पट्टे, गंज, हॉर्न. पास नाहीतर नापास. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही चाचणी सक्तीची, आणि टेस्टर जे लिहितो ते सरकारी संकेतस्थळावर कायमचं राहतं. नंबर टाकला की कुणालाही दिसतं.

मार्चातल्या एका गुरुवारी मी दहाच्या चहाला बसलो होतो तेव्हा लोर्नाचा फोन आला. लोर्ना म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. जीन, माझी बहीण, जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून लोर्नाला मी आणि मला लोर्ना, एवढंच गणगोत. तिचं काम म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या. दिवसाला अकरा घरं, आणि सगळी विखुरलेली.

"मामा, गिअरबॉक्स गेला," ती म्हणाली. "एजन्सीची बाई म्हणते, सोमवारी गाडी नसेल तर माझी घरं दुसरीला देणार."

"किती ती घाई."

"तिला काय, तिला खुर्चीत बसून फोन करायचाय. ऐक, केस्टरच्या रस्त्यावर पेल म्हणून एक विक्रेता आहे. निळी हॅचबॅक आहे त्याच्याकडे. जुनी आहे, पण स्वस्त. नंबर पाठवते, बघशील?"

"बघतो. तू तोवर आत बसू नकोस."

"तुझं ते कायमचंच," ती हसली. "दुसऱ्यांच्या गाड्या तपासण्यात जन्म गेला आणि स्वतः सायकलवर."

२

पंधरा वर्षांची गाडी. पाच मालक. बारा चाचण्या, बाराही पास. एवढ्या जुन्या गाडीच्या मानाने कागद चांगलाच म्हणायचा. मी खालून वर वाचत गेलो. टायर झिजलेला, वायपर फाटलेला, ही नेहमीची टिपणं. पहिल्याच वर्षी एक साधी नोंद होती: मागच्या डाव्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवलेली असल्याने पट्टा पूर्ण तपासता आला नाही.

अशी नोंद मी स्वतः आठवड्यातून चारदा लिहितो. आईबाप खुर्ची काढून आणत नाहीत, आपण ती काढायची नसते, मग असं लिहून टाकायचं.

दुसऱ्या वर्षी तीच नोंद. तिसऱ्या, चौथ्या वर्षीही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि वरपर्यंत गेलो. बाराच्या बारा चाचण्यांत तेच वाक्य. सात वेगवेगळी गॅरेज, मालक पाच, खुर्ची एक.

मी स्वतःलाच समजावलं. टेस्टर आळशी असतात, मागच्या वर्षीचं बघून उतरवतात. किंवा कुणाची नातवंडं असतील. किंवा ती खुर्ची कुणी काढलीच नसेल, गाडीबरोबर विकली गेली असेल. पण पहिल्या वर्षी त्या खुर्चीत बसणारं पोर आता मिसरूड फुटायच्या बेतात असणार.

मग मैलांचे आकडे पाहिले. गाडी जुनी झाली की कमी चालते. हे सगळीकडे असंच असतं, मी हजारो कागद पाहिलेत. ही गाडी पहिली तीन वर्षं मिळून सोळा हजार मैल चाललेली. पुढच्या वर्षी आठ हजार, मग अकरा, मग चौदा. मालक बदलले तरी आकडा चढताच. शेवटच्या वर्षी तर बारा महिनेही पुरते झाले नव्हते तोवर अठ्ठावन्न हजार. टॅक्सीसुद्धा एवढी धावत नाही. आणि ही टॅक्सी म्हणून कधी नोंदलेलीच नव्हती.

३

तीन वर्षांपूर्वीची चाचणी इमिंगहॅमच्या ज्या गॅरेजात झाली होती तिथे नेव्हिल ग्राइस काम करतो. आम्ही दोघांनी परवाना एकाच वर्षी काढला. त्याला फोन लावला.

"नेव्ह, एक निळी हॅचबॅक तपासली होतीस तू..."

"अरे बाबा, वर्षाला दोन हजार गाड्या तपासतो मी. कालची विचारलीस तरी आठवणार नाही."

मी नंबर सांगितला. पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला. मग दार लावल्याचा आवाज आला.

"तुझ्याकडे आलीय का ती?" त्याने विचारलं.

"नाही. आमची लोर्ना घेतेय."

"करडी खुर्ची होती. जुन्या पद्धतीची. मी त्या माणसाला म्हटलं, भाऊ, खुर्ची काढून द्या, पट्टा बघायचाय. तर तो म्हणतो, कसली खुर्ची? मला वाटलं थट्टा करतोय."

"मग?"

"मग काय, लिहून टाकलं. नियम आहे ना."

"रिकामी होती का रे?"

"क्लाइव्ह, तुला एक सांगतो, कुठे बोलू नकोस. मी त्या गाडीचा हॉर्न वाजवला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तपासलाच नाही. पास म्हणून खूण केली. बोनेटही आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून दाबून लावलं. आमच्या पोरी लहान असताना रात्री कामावरून आलो की मी जिन्यात जसा चालायचो ना, पायाखालची कुठली पायरी करकरते ते बघत, तसा चालत होतो त्या गाडीभोवती."

"पण आत होतं का कुणी?"

"मी बघितलं नाही," नेव्ह म्हणाला. "बघायचं नाही असं काही ठरवलंही नव्हतं. नुसतं बघितलं नाही, बस."

४

शुक्रवारी दुपारी लोर्ना मला एजन्सीच्या मैत्रिणीच्या गाडीतून घेऊन गेली. पेलचं आवार म्हणजे खडी टाकलेली मोकळी जागा, एक पत्र्याचं केबिन आणि रांगेत बाराएक गाड्या. निळी गाडी मात्र रांगेत नव्हती. ती पार मागच्या कुंपणाशी एकटी उभी होती आणि तिचं इंजिन चालू होतं.

बघणारा येणार म्हणून विक्रेता गाडी आधीच गरम करून ठेवतो तेव्हा समजावं की थंड इंजिनात काहीतरी खोट आहे. मी बोनेटवर तळहात ठेवला. चांगलंच तापलेलं होतं.

"कधीपासून चालू आहे?" मी विचारलं.

"बॅटरी जरा कमजोर आहे," पेल म्हणाला. पन्नाशीचा, जाडसर माणूस. डोळे लाल, दाढी दोन दिवसांची. तो खडीवर पाय न घासता चालायचा आणि बोलताना आवाज असा ठेवायचा की पुढे वाकूनच ऐकावं लागे. "गाडी उत्तम आहे. अकरा दिवस मीच वापरतोय."

"अकरा दिवसांत किती चालवलीत?"

तो केबिनकडे वळला.

मी दार उघडलं. आतला आरसा नव्हता. काचेवर फक्त डिंकाचा गोल डाग. बाहेरचे दोन्ही आरसे असले की आतला नसला तरी चालतो, नियमाने त्यात चूक काही नाही. मागच्या सीटवर खुर्ची नव्हती. मी डावा पट्टा ओढून पाहिला, सोडला, सरसर आत गेला. बक्कल नीट. शिवण नीट. मनातल्या मनात मी नेव्हला शिवी हासडली.

मग सीटच्या कापडावर हात फिरवला. डाव्या बाजूला चार खड्डे होते, बोटाच्या पेरभर खोल. जड खुर्ची वर्षानुवर्षं ठेवली की पडतात तसे. खुर्ची काढली की फोम एक-दोन दिवसांत वर येतो. मी उजव्या बाजूला अंगठा दाबून पाहिला, लगेच वर आला. डावीकडचे खड्डे तसेच राहिले. आणि तिथलं कापड उबदार होतं. ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं.

"मामा, हॉर्न वाजवून बघ ना," लोर्ना म्हणाली. "तुझी ती सगळी यादी असते."

मी हात पुढे केला. स्टिअरिंगच्या मध्यावर तळवा टेकवला. दाबायला काय लागतं, बोटभर जोर. मी हात मागे घेतला.

"ही नको," मी म्हणालो.

"का?"

"नको म्हणतो ना."

"काय बिघडलंय ते तरी सांग. ब्रेक?"

"ब्रेक ठीक आहेत."

"गंज?"

"नाही."

"मग? मामा, मिसेस ब्रॉकलबँकला माझ्याशिवाय पलंगावरून उतरता येत नाही. सोमवारी सकाळी सातला तिच्या दारात कोण उभं राहणार, तू, सायकल घेऊन?"

तिच्याकडे दुसरी गाडी नव्हती आणि माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. खुर्चीची नोंद आहे आणि खुर्ची नाही, हे काय कारण झालं? मी एवढंच म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. मला एकाला विचारू दे."

पेल केबिनशी गेला होता तेवढ्यात मी पुढचा कप्पा उघडला होता. त्यात दुरुस्तीच्या जुन्या पावत्या होत्या. सगळ्यात जुनीवर नाव-पत्ता होता: मिस ई. हॉल्डनबी, लाउथ.

५

शनिवारी सकाळच्या बसने लाउथला गेलो आणि त्या पत्त्यावर दार हळूच ठोकलं. दार उघडायच्या आधी आत पावलं वाजली नाहीत, एकदम दारच उघडलं. मिस हॉल्डनबी सत्तरीच्या पुढची, ताठ, नीटनेटकी बाई. पायात लोकरी मोजे, चप्पल नाही.

"बेल वाजवली नाहीत ते बरं केलंत," ती म्हणाली. मी रडकिन, तुमच्या जुन्या निळ्या गाडीबद्दल आलोय, असं मी सांगितलं. बेलची तार कापलेली होती, हे मला आत जाताना दिसलं.

बैठकीच्या खोलीत दोन सतरंज्या एकावर एक अंथरल्या होत्या. दारांच्या कडांना नमदा ठोकलेला. भिंतीवर घड्याळ होतं, पण लंबक काढून घेतलेला. कोपऱ्यात पियानो होता, त्याचं झाकण लावून वर जाड घोंगडी टाकली होती.

"वाजवता?" मी विचारलं.

"शिकवायचे. चाळीस वर्षं." ती कुजबुजतच बोलत होती. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी. "गाडी विकताय की घेताय?"

"माझी भाची घेतेय."

"तिला मुलं आहेत?"

"नाही."

"बरं आहे. मुलं गाडीत गप्प बसत नाहीत."

तिने चहा ओतला. साखर घातली, पण चमचा कपात फिरवला नाही. कप हातात धरून हळूहळू गोल हलवला.

"मिस हॉल्डनबी, तुमच्याकडे गाडी होती तेव्हाच्या दोन्ही चाचण्यांत मुलाच्या खुर्चीची नोंद आहे."

"मी खुर्ची कधी पाहिली नाही."

"मग टेस्टरला दोनदा दिसली कशी?"

"ते मागचं दार उघडतात," ती म्हणाली. "मी उघडलं नाही."

मी मैलांबद्दल विचारलं. ती म्हणाली, आठवड्यातून दोनदा बाजार आणि रविवारी चर्च, एवढंच तिचं जाणं असायचं. पहिल्या वर्षी तेवढंच होतं. मग बाजारातून येताना थोडं लांबून यायला लागली. मग आणखी लांबून.

"कुठे जायचात?"

"कुठे जायचं नसायचं. थांबायचं नसायचं."

"आणि थांबलात तर?"

"एकदा थांबले." तिने कप बशीवर ठेवला, मध्ये रुमाल घालून. "लिंकनच्या स्टेशनबाहेर गाडी सोडून दिली. किल्ली आतच ठेवली. प्लॅटफॉर्मवर गेले, लंडनची गाडी आली, मी पाय उचलला. आणि मागे कुणीतरी हललं. झोपेत कूस बदलतात तसं. मध्ये दोन भिंती होत्या, अख्खा रस्ता होता, मिस्टर रडकिन, आणि ते माझ्या मानेमागे होतं. मी धावत परत गेले. तुम्हीही गेला असतात."

"जागं झालं असतं तर काय झालं असतं?"

"ते मला माहीत नाही. चार वर्षं मी फक्त एवढंच पाहिलं की ते मला कळू नये."

बाहेर रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली. तिने डोळे मिटून घेतले आणि बाटल्यांचा आवाज संपल्यावर उघडले. ती निळी गाडी विकून या बाईला अकरा वर्षं झाली होती.

"मग सुटलात कशा?"

"एकाने मागून घेतली. आपणहून हवी म्हणाला." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "माझ्याकडे शिकायला यायची त्या मुलीचा बाप. फार हसरा माणूस होता. मी त्याला काही सांगितलं नाही."

टेबलावर माझा फोन थरथरला. मिस हॉल्डनबीने तो झडप घालून दोन्ही हातांच्या ओंजळीत दाबला, थरथर थांबेपर्यंत धरून ठेवला आणि मग माझ्यापुढे केला. लोर्नाचा संदेश होता. पेलने गाडी घरी आणून दिली. किंमतही उतरवली. सह्या झाल्या. रागावू नकोस ना मामा.

६

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. लोर्ना खूश होती. म्हणाली, इतकी शांत गाडी कधी चालवली नाही. मला आरसा बसवून दे म्हणाली, मी बसवला. ती रोज गॅरेजच्या आवारात यायची तेव्हा मी मागच्या सीटकडे बघायचो, रिकामी असायची. मी स्वतःला मूर्ख म्हणालो. लाउथची बाई एकटी राहून भ्रमिष्ट झालीय, नेव्ह म्हातारा झालाय, आणि टेस्टर आळशी असतात.

चौथ्या आठवड्यात आरसा नव्हता. पुढच्या कप्प्यात हातरुमालात गुंडाळून ठेवलेला सापडला.

"कुणी काढला?"

"मीच. मला नको होता," लोर्ना म्हणाली. ती हळू बोलत होती.

मी ठरवलं, सीटच काढून टाकायची. दहा मिनिटांचं काम. रविवारी पाना घेऊन तिच्या दारात गेलो, मागचं दार उघडायला हात लावला, तेवढ्यात ती घरातून मोज्यांवर धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"आत्ता नको, मामा. आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी काय म्हटलं?"

मी पाना खिशात टाकला. तेव्हापासून दर रविवारी मैलांचा आकडा लिहून ठेवू लागलो. चारशे. नऊशे. एकोणीसशे. मे संपता संपता आठवड्याला सत्तावीसशे. एजन्सीने तिला काढून टाकलं. म्हाताऱ्यांची तक्रार होती की ती कोट न काढताच काम करते आणि चार मिनिटांत निघून जाते. मिसेस ब्रॉकलबँक तेवढी म्हणाली, "पोरीला कुणीतरी झोपू द्या."

लोर्ना ए१८० या हमरस्त्यावर असायची. त्या रस्त्याचा काही भाग काँक्रीटचा आहे, त्याच्यावरून चाकं गेली की एकसारखी घरघर येते. सगळे त्याला शिव्या घालतात. लोर्ना म्हणायची, तिथेच बरं असतं. गोल चक्करला वळायची, परत यायची, पुन्हा जायची.

गाडी विकायची जाहिरात आम्ही दिली. एक तरुण जोडपं आलं. मुलगी सात महिन्यांची गरोदर. गाडी तिला आवडली, आपणहून हवी म्हणाली. मी इतिहासाबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलणार नव्हतोच, आधीच ठरवलं होतं. लोर्नाच म्हणाली, "क्लच गेलाय हिचा. मामा सांगत नाहीये. नका घेऊ."

ती दोघं गेल्यावर ती म्हणाली, "त्या बाईचं पोट बघितलंस?"

मला तिचा अभिमान वाटला, आणि आपण आता यातून सुटत नाही हेही त्याच घडीला कळलं. भंगारात द्यायचं एकदा बोललो होतो. पण गाडी चिरडायचं यंत्र चालू होतं तेव्हाचा आवाज आम्हा दोघांना ठाऊक आहे. तो आवाज मागच्या सीटपर्यंत पोहोचेल हे मनात आलं आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

७

जूनच्या एका दुपारी मी तिच्याबरोबर गाडीत होतो. तिच्या हातात खाणं द्यायला मी रोज क्लीथॉर्प्सच्या समुद्राकाठी उभा राहायचो, त्या दिवशी चालत्या गाडीतच शेजारी बसलो. स्वच्छ ऊन होतं. ओहोटी लागलेली, चिखल लांबवर चमकत होता, शाळेच्या सहलीची पोरं आईस्क्रीम खात होती. लोर्नाने बेकन घातलेला पाव अर्धा खाल्ला आणि मांडीवर ठेवला.

रेल्वेचं फाटक पडलं. ती थांबली. इंजिन चालू होतं. मी मागून येणाऱ्या रांगेकडे बाहेरच्या आरशात बघत होतो, तेवढ्यात तिची मान पुढे कलली. झोप लागली तिला, उघड्या उन्हात, बसल्या जागी. क्लचवरचा पाय घसरला. गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

शांतता फार नव्हती. फाटकाची घंटा चालू होती, मागे कुणाचा तरी रेडिओ होता. पण गाडीच्या आत ते सगळं लांब गेलं.

मग माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी श्वास आत घेतला.

ज्यांनी पोरं वाढवलीत त्यांना तो श्वास माहीत असतो. रडण्याआधीचा. पोर पडतं, क्षणभर काही आवाजच येत नाही, नुसतं तोंड उघडतं आणि छाती भरत जाते, आणि आपल्याला कळतं की आता येणार. आपण एक, दोन मोजतो, तेवढ्यात तो हंबरडा येतो. मी एक, दोन मोजले. तीन, चार. श्वास आतच जात होता. सात. आठ. गाडीतली हवा त्या बाजूला ओढली जात होती, माझ्या कानावरचे केस हलले. बारा झाले तरी श्वास आतच जात होता.

मी मान वळवली. पूर्ण वळवली नाही, तेवढी हिंमत नव्हती. डोळ्याच्या कडेतून फक्त पट्टा दिसला. मागचा डावा पट्टा लावलेला होता आणि पुढे येत होता. रिळातून टक, टक, टक करत सुटत होता, फुगणाऱ्या छातीवरून सरकावा तसा. सीटचा पट्टा केवढा लांब असतो ते मला माहीत आहे, रोज ओढून बघतो मी. तो जाड्यात जाड्या माणसाला पुरून वर उरेल एवढा बाहेर आला होता, पुढच्या सीटच्या पाठीला टेकायला आला होता, आणि अजून सुटतच होता.

मी लोर्नाच्या गुडघ्यावर हात दाबून क्लच खाली नेला आणि किल्ली फिरवली. ती जागी झाली. तिने स्टिअरिंग धरलं. फाटक वर गेलं आणि गाडी निघाली.

श्वास थांबला. रिळाची टकटक थांबली. आम्ही काँक्रीटच्या रस्त्याला लागलो.

"सोडला का?" लोर्नाने शेवटी विचारलं.

मी ऐकत राहिलो. चाकांची घरघर तेवढी येत होती. पट्टा मागे गेला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "धरून ठेवलाय."

८

मी गॅरेज सोडलं. आता आम्ही पाळ्या लावल्यात. गाडी बंद करायची नाही. पेट्रोल भरतानाही इंजिन चालू ठेवतो, त्याबद्दल दोन पंपांवर आम्हाला हाकललंय. पाळी बदलायची ती माझ्या गल्लीच्या तोंडाशी, चालण्याच्या वेगात. एक उतरतो, दुसरा चढतो. लोर्ना माझ्याच घरी झोपते, कधी जिन्यातच. जेवायला तिला उठवावं लागतं आणि मी ते तिच्या पायाला हात लावून करतो, हाक मारत नाही.

पट्टा अजून तिथेच आहे, ताणलेला. पहिल्या दिवसापेक्षा जुलैत थोडा पुढे होता. आता उजवीकडेही पसरलाय, चालवताना माझ्या सीटच्या पाठीला लागतो. सरळ रस्त्यावर तो मला खांद्याच्या हाडापाशी कळतो.

काल पहाटे लोर्ना म्हणाली, "मामा, किती दिवस चालेल असं?" मी म्हणालो, बघू. ती लहान असताना मी कधी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो.

या इंजिनात आत एक रबरी पट्टा असतो, सगळं एका तालात फिरवत ठेवणारा. साठ हजार मैलांनी बदलावा लागतो. आमचा अकरा हजार मैल जास्त झालाय. बदलायला चार तास लागतात आणि तेवढा वेळ गाडी बंद ठेवावी लागते. तो तुटून बंद पडलेल्या शेकडो गाड्या माझ्याकडे ओढून आणलेल्या मी पाहिल्यात. सगळे ड्रायव्हर एकच सांगायचे. दिवा लागला नाही, आवाज आला नाही, आधी काहीच कळलं नाही. सरळ रस्त्यावर नीट चाललो होतो, आणि एकदम सगळं शांत झालं.